सुकाणी हुकूम परत म्हणतो

खुर्चीकडे हात करून "बसा" म्हटलं, की आमच्या केंद्रात येणारी माणसं बसतात. हे गृहस्थ आधी म्हणाले, "बसतो." मग बसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बसलो."

मला वाटलं, ऐकायला कमी येत असेल. केसपेपरवर मी तशी नोंदही केली.

"उजवा हात वर करा."

"उजवा हात वर," ते म्हणाले. हात खांद्याच्या वर जाईना. "उजवा हात खांद्यापर्यंत. पुढं जात नाही."

तपासणी संपेपर्यंत मी ती नोंद खोडली होती. त्यांचे कान माझ्यापेक्षा चांगले होते. बाहेरच्या खोलीत रिसेप्शनवरची मुलगी फोनवर काय बोलतेय, तेही त्यांनी मला जाताना सांगितलं.

तीसेक वर्षं ते मालवाहू जहाजांवर सुकाणी होते. जहाजाचं चाक प्रत्यक्ष हातात धरतो तो सुकाणी. कप्तान म्हणतो, "डावीकडे दहा." सुकाण्यानं ते मोठ्यानं परत म्हणायचं, मग चाक फिरवायचं, आणि फिरलं की "डावीकडे दहा झालं" असं कळवायचं. परत न म्हणता चाकाला हात लावायचा नाही. "मी चुकीचं ऐकलं तर चुकीचं म्हणेन," ते सांगत. "म्हटलं की कप्तानाला कळेल. मग चूक तोंडातच दुरुस्त होते, पाण्यापर्यंत जात नाही." नोकरी संपली, पण ही सवय सुटली नाही. त्यांच्या गावच्या टपरीवर "एक चहा, साखर कमी" म्हणून ते थांबून राहत. टपरीवाल्यानं "एक चहा, साखर कमी" म्हटल्याशिवाय पुढं सरकत नसत. मी तिथं गेले तेव्हा टपरीवाल्यानं माझीही ऑर्डर परत म्हणून दाखवली. त्याला आता तसंच वळण पडलं होतं.

गाव भडगाव. गिरणेच्या काठी वाढलेला, माळ घातलेला, आयुष्यात मासा न खाल्लेला माणूस समुद्रावर कसा गेला, हे त्यांनी मला चार वेळा चार तऱ्हांनी सांगितलं. म्हणून ते मी इथे लिहीत नाही. जहाजावर जाताना ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ पोत्यात भरून न्यायचे, एवढं मात्र चारही वेळा सारखं होतं. लोक कौतुकानं त्यांना कप्तान म्हणत, तेव्हा ते चिडत. "कप्तान सांगतो. सुकाणी करतो. मी सुकाणी." मी इतरांसारखं नाना म्हणत असे. ते मला डॉक्टरीणबाई म्हणत. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे, हे मी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी "डॉक्टर नाही" असं परत म्हटलं, आणि पुढच्या वाक्यात डॉक्टरीणबाई.

दिसेल तिथं कापसाचा धागा बांधायची त्यांना खोड होती. स्कूटरच्या आरशाला, छत्रीच्या टोकाला, पुढं माझ्या खिडकीच्या गजालाही.

"हे कशाला?"

"वारा कुठून आहे ते कळायला."

"जळगावात बसून वारा कुठून आहे हे कळून करायचं काय?"

"करायचं काही नाही. कळून ठेवायचं."

आणखी एक. त्यांना पोहता येत नव्हतं. त्याची लाज तर नव्हतीच, उलट ठसक्यात सांगत: "नाव चालवणाऱ्याला पोहायची पाळी आली, म्हणजे त्यानं नाव नीट चालवली नाही."

खांद्यासाठी ते आठवड्यातून दोनदा येत. तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्यांनी माझ्या कामात तोंड घातलं.

माझ्याकडे ठिसूळ हाडांचा जन्मजात आजार असलेली काही मुलं आहेत. हा आजार क्वचितच दिसतो, त्यामुळे मुलं जळगाव आणि धुळे अशा दोन जिल्ह्यांत विखुरलेली. यांची हाडं साध्या धक्क्यानंही मोडतात. कुणाचं शिंकताना बरगडीचं हाड मोडतं, कुणाचं कूस बदलताना. व्यायाम केला नाही तर स्नायू जातात, आणि स्नायू गेले की हाडं आणखी मोडतात. पण व्यायामासाठी जळगावला आणायचं तर एसटीचा प्रवासच सोसत नाही. म्हणून मी त्यांचे व्यायाम व्हिडिओ कॉलवर घेते. वार ठरलेले, वेळा ठरलेल्या, प्रत्येकाचा तक्ता भिंतीवर.

त्या दिवशी कॉलवर धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्याची रोहिणी होती. वय अठरा. दोन्ही मांड्यांत स्टीलच्या सळ्या. बारावीला उत्तम गुण मिळवून ती वर्षभर घरात खाटेवर होती. रबरी पट्टी खिडकीच्या गजाला बांधायची, दुसरं टोक हातात धरायचं आणि ओढायचं, असा तिचा व्यायाम.

"दहा वेळा, रोहिणी. पट्टी निसटते म्हणून तळहाताला दोन वेढे घे."

"मॅडम, मला कंटाळा आलाय."

"कंटाळा तक्त्यात नाही. एक."

"एक," ती म्हणाली आणि थांबली.

खांद्याला शेक घेत पलीकडच्या टेबलावर बसलेले नाना उठले, माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि फोनमध्ये बघत म्हणाले, "पोरी, तुझ्यासमोर काय आहे?"

"टेबलफॅन. तुम्ही कोण?"

"फॅन चालू आहे?"

"चालू आहे."

"वारा डावीकडून की समोरून?"

तिनं फॅनकडे मान वळवली. मग म्हणाली, "डावीकडून."

"मग तू दोर ओढला नाहीस तर तुझी खाट भिंतीवर जाऊन आपटेल. ओढ."

तिनं पट्टी ओढली. हसत हसत ओढली. मी मनात मोजत होते. चौदा वेळा.

कॉल संपल्यावर मी नानांना स्पष्ट सांगितलं: दहा म्हणजे दहा, या मुलांच्या बाबतीत जास्ती ओढणंही धोक्याचं. "वारा दहापर्यंत मोजून थांबत नाही," ते म्हणाले. शेवटी सात मिनिटांची पाळी ठरली. सात मिनिटं नानांची, बाकीचा वेळ माझा. ते मी तक्त्यात लिहिलं.

असं ते खाटेवरचं जहाज सुरू झालं. नाना भडगावहून कॉलला जोडले जात. खाट म्हणजे नाव, टेबलफॅन म्हणजे वारा, रबरी पट्टी म्हणजे शिडाचा दोर, आणि बगलेत धरलेलं लाटणं म्हणजे सुकाणूचा दांडा. दांडा डावीकडे ढकलला की नाव उजवीकडे जाते, हे डोक्यात बसायला तिला आठवडा लागला. मला अजून विचार करावा लागतो. आणि नानांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं: "कप्तान तू. मी सुकाणी. तू बोलशील ते मी परत म्हणेन आणि करेन."

ती म्हणायची, "नाना, डावीकडे पाच." पडद्यावर नाना, भडगावच्या ओसरीत सायकलचं जुनं चाक दोन्ही हातांत धरून, गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "डावीकडे पाच." चाक फिरवायचे. "डावीकडे पाच झालं."

एकदा तिनं मुद्दाम हुकूम सोडला: "नाना, टोपी काढा."

"टोपी काढतो. टोपी काढली."

"डोक्यावर हात."

"डोक्यावर हात. ठेवला."

ती इतकी हसली, की बरगड्यांच्या भीतीनं मी वादळ शमवायला, म्हणजे फॅनचा वारा कमी करायला सांगितलं. पण त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की अठरा वर्षांत तिच्या शब्दाबरहुकूम काही झालं असं पहिल्यांदाच घडत होतं. तिच्या घरची माणसं मायेची होती. तिला उचलत, वळवत, बसवत, निजवत. पण विचारून कुणी करत नव्हतं. विचारायचं असतं हेच कुणाला सुचलं नव्हतं. खरं तर मलाही नाही. माझ्या तक्त्यात तिला कसं उचलावं याचे आठ मुद्दे होते, आणि ते सगळे तिच्या वडिलांसाठी लिहिलेले होते.

वडील नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. त्यांना गावात सगळे भाऊ म्हणत, मुलगीही भाऊच म्हणे. मजबूत, कमी बोलणारा माणूस. रोहिणी नऊ वर्षांची असताना एका लग्नात मावशीनं तिला कौतुकानं काखेत धरून उचललं आणि मांडी मोडली. तेव्हापासून भाऊंशिवाय तिला कुणी हात लावायचा नाही. आईची पाठ दुखते, म्हणून आईनंही नाही. भाऊ कामावर गेले की परत येईपर्यंत रोहिणी खाटेवर. त्यांनी आपली पाळीही तिच्या हिशेबानं बदलून घेतली होती.

रोहिणीला धुळ्याला कॉम्प्युटरचा पदवी अभ्यासक्रम करायचा होता, वसतिगृहात राहून. आदल्या वर्षी भाऊंनी "पुढच्या वर्षी पाहू" म्हटलं होतं. पुढचं वर्ष आलं. प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भरायची मुदत जवळ येत चालली.

"वसतिगृहमा तिले उचली कोन?" भाऊ मला कॉलवर म्हणाले. "अनोळखी पोरी उचलतीन. हाड मोडाई जाई. मंग?"

"शिकवता येईल त्यांना."

"मॅडम, तिनी सख्खी मावशी व्हती ती."

कॉलवर नाना होते. ते म्हणाले, "भाऊ, एकदा नावेत या. दुसऱ्यांनी उचललेलं डोळ्यांनी बघा. मग नाही म्हणा."

"दुसऱ्यांनी उचललेलं बघतो," भाऊ म्हणाले. नानांची लागण त्यांनाही झाली होती, त्यांना ते कळलं नसावं. "एकदाच. तवय काही मोडनं, तं फॉर्मचं नाव कोनी काढानं नही."

"ठरलं," रोहिणी मागून म्हणाली.

नाव खरंच होती, हे सांगायला हवं. भडगावच्या वरच्या अंगाला गिरणेच्या बंधाऱ्यामागं पाणी साठतं, तिथं नानांनी एक जुनी फायबरची होडी दुरुस्त करून ठेवली होती. डोलकाठी म्हणजे तुषार सिंचनाचा ॲल्युमिनियमचा पाइप. शीड आमच्याच एका पेशंटच्या, सादिकच्या, अब्बांनी शिवलेलं. त्यांचा ताडपत्र्या शिवायचा धंदा. शिवून झाल्यावर ते म्हणाले, "नाना, मैंने आज तक पानी रोकने का कपडा सिया. हवा पकडने का पहली बार." बसायला पाय कापलेली प्लास्टिकची खुर्ची, तिच्याभोवती कापसाची जाड गादी. जीवरक्षक जाकिटं, पोहणारे दोघे भोई बंधू आणि त्यांची वेगळी होडी या माझ्या अटी होत्या. नानांनी प्रत्येक अट परत म्हटली आणि पुरी केली.

सादिक आणि दोन लहान मुलं त्या नावेतून आधी फिरून आली होती. त्यांना उचलायची रीत नानांनीच घालून दिली. मुलानं हुकूम द्यायचा: हात कुठं, बोटं कशी, कधी उचलायचं. उचलणाऱ्यानं तो मोठ्यानं परत म्हणायचा आणि मगच हात लावायचा. माझे आठ मुद्दे तेच होते. फक्त ते आता मुलाच्या तोंडातून यायचे. आणि मुलाचं अंग कुठं दुखतं, हे मला नाही, मुलाला माहीत असतं.

माघ महिन्यातल्या एका रविवारी सकाळी भाऊ रोहिणीला भाड्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर गाद्यांत झोपवून घेऊन आले. स्वतः तिच्या पायांशी अंग चोरून बसलेले. तिला चाकाच्या खुर्चीत त्यांनीच ठेवलं. मग नाना पुढं झाले.

"भाऊ, आधी तुम्ही."

"मी कशाले?"

"कप्तानाला विचारा."

रोहिणी हसली. "भाऊ, चटईवर आडवा पड."

भाऊंचं वजन ऐंशीच्या पुढं असेल. दोघे भोई, नाना आणि मी असे चौघं त्यांच्याभोवती बसलो.

"एकानं खांद्याखाली दोन्ही हात. बोटं पसरून," रोहिणी म्हणाली.

"खांद्याखाली दोन्ही हात, बोटं पसरून," थोरला भोई म्हणाला.

"दोघांनी कमरेखाली. मॅडम, तुम्ही गुडघ्याखाली. पाय ओढायचे नाहीत."

"गुडघ्याखाली. ओढायचे नाहीत," मी म्हटलं.

भाऊ तोवर हसत होते. जमिनीवरून सुटल्याबरोबर हसू थांबलं आणि त्यांनी माझी बाही घट्ट धरली.

"मॅडमना सोड, भाऊ. पडत नहीस तू."

त्यांनी बाही सोडली. आम्ही त्यांना फळीवरून नावेत नेऊन बसवलं. धाप आम्हाला लागली होती, घाम त्यांना आला होता.

"कसं वाटनं?" रोहिणीनं काठावरून विचारलं.

भाऊंनी बाहीनं घाम पुसला. "आधी सांगतस, मंग उचलतस. माहीत ऱ्हास काय व्हई ते."

मग रोहिणीला उचललं, त्याच रीतीनं. भाऊ नावेत बसून बघत होते. प्रत्येक हुकुमाला त्यांचे ओठ हलत होते. ती खुर्चीत टेकली. काही मोडलं नाही. मला वाटलं, झालं, जिंकलो.

दांडा तिच्या बगलेत, शिडाचा दोर तिच्या उजव्या हातात. नाना तिच्या शेजारी, भाऊ पुढच्या बाजूला. मी भोयांच्या होडीत, आठदहा हातांवर. पहिली पंधरा मिनिटं वारा अगदी तिच्या फॅनसारखा होता. शीड भरलं, नाव सरकली. तिच्या केसांचा बुचडा सुटला, तो बांधायला कुणी गेलं नाही, कारण तिनं सांगितलं नव्हतं.

"नाना, इथला फॅन एका जागी राहत नाही!"

"राहत नाही," नाना म्हणाले.

नाव वळताना जोराची झुळूक आली. शीड फाडकन दुसऱ्या बाजूला गेलं आणि दोर ताणला. असा दोर हातातून सोडून द्यायचा असतो. तिचा सुटला नाही. हात पुढं खेचला गेला.

"मोडला," ती म्हणाली. लाइट गेली म्हणावं, तशा आवाजात.

भाऊ उठले. नाव एका अंगाला कलली.

"भाऊ, खाल बठ! नाव कलंडी."

ते बसले. दोन्ही हातांनी नावेची कड धरून बसले. माझ्या होडीतूनही मला त्यांचे हात दिसत होते. मुलगी दोन फुटांवर, हात मोडलेला, आणि ते बसून राहिले.

"नाना, हातावरचा दोर सोडवा."

नाना काहीच बोलले नाहीत. तिच्या तळहाताकडे बघत राहिले. ज्या माणसानं चहाची ऑर्डरसुद्धा परत म्हटल्याशिवाय सोडली नाही, तो माणूस तोंड उघडेना.

"नाना! हुकूम परत म्हणा."

"दोर..."

"हातावरचा दोर सोडवा. मनगट हलवू नका."

"दोर सोडवतो," नाना म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "मनगट हलवत नाही." बराच वेळ गेला. "दोर सोडवला."

"शीड खाली."

"शीड खाली. आलं."

भोयांनी नाव ओढून काठाला आणली. उतरवतानाचे सगळे हुकूम तिनेच दिले, दात आवळून, पण एकही न गाळता: कोपराखाली हात, मनगटाखाली हात, आता उचला. भोयांनी प्रत्येक परत म्हटला. माझ्या पिशवीत स्प्लिंट होती. बांधताना मला तिच्या तळहातावर दोराच्या दोन लाल खुणा दिसल्या. दोन वेढे.

गाडीत बसण्याआधी नाना माझ्याजवळ आले. "दोर हातात धरायचा, हाताला गुंडाळायचा नाही. जहाजावर हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी शिकवलं नाही. कॉलवर मला तिचा हात कधी दिसलाच नाही. तोंड दिसायचं आणि फॅन."

"गुंडाळायला मी शिकवलं," मी म्हटलं. "प्रत्येक कॉलला."

त्यांच्या कामात जी गोष्ट पहिल्या दिवशी बंद होते, ती माझ्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात. आणि महिनोन्‌महिने एकाच कॉलवर बसून आम्हा दोघांना त्याचा पत्ता नव्हता. आता आमच्याकडे पट्टीच्या टोकाला लाकडी मूठ असते. वेढे कुणी घेत नाही. आणि नाना कॉलवर आधी हात दाखवायला लावतात, मग तोंड. गुडघ्यांमुळे ते हल्ली भडगाव सोडत नाहीत, नावेवरही भोईच असतात, पण ती सात मिनिटं त्यांनी सोडलेली नाहीत.

जळगावच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. हाताच्या पुढच्या भागातलं एक हाड तडकलं होतं. शस्त्रक्रिया नको, प्लास्टर पुरे, असं हाडांचे डॉक्टर म्हणाले. रोहिणीला प्लास्टर घालून खाटेवर निजवलं. नाना आत आले नाहीत. दाराबाहेरच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले.

बोलायचं ते लगेच बोलून टाकावं, असा माझा स्वभाव आहे. "भाऊ, चूक माझी होती," मी म्हटलं आणि दोन वेढ्यांची सगळी हकिगत सांगितली. "तुमची अट माझ्या लक्षात आहे. फॉर्मचं मी काढणार नाही."

भाऊ खाटेच्या कडेला बसले होते. पहिल्यांदाच मी त्यांना तिच्या खाटेवर असं निवांत बसलेलं बघत होते.

"मॅडम, ह्या पोरनं हाड आजवर बारा डाव मोडेल शे," ते म्हणाले. "पाच डाव मन्हाच हातमा. ते मी कोनले सांगं नही." रोहिणीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. तेही तिच्याकडेच बघत होते. "आमना घरमा हाड मोडस तं बठ्ठा रडतस. तिनी माय रडस, मी रडस. मंग ती आमले समजाडस. मोडेल हात धरीसन आमले समजाडस. आज कोनी रडनं नही. तिनी सांगं, तुम्ही करं. तासाभरमा दवाखाना."

"मुदत कवय शे फॉर्मनी?"

"शुक्रवारपर्यंत," रोहिणी म्हणाली. इतक्या पटकन, की तारीख तोंडावरच ठेवलेली असावी.

"वसतिगृहन्या पोरीसले काय काय सांगनं पडी, ते लिखी द्या मॅडम."

मी पेन काढलं आणि सवयीनं लिहायला लागले: एक, काखेत धरून उचलू नये.

"तुम्ही नको," भाऊ म्हणाले. "ती सांगी. तुम्ही लिखा."

मी ते पान फाडलं. नवीन पान घेतलं. रोहिणीनं डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. मला विचारल्याशिवाय हात लावू नका. मी सांगितलेलं मोठ्यानं परत म्हणा. घाई असेल तर नंतर या. मी हसत असेन तर उचलू नका, हसताना माझं अंग हलतं. शिकवायला मला अर्धा तास लागेल, तेवढा द्या. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. माझ्या आठ मुद्द्यांतले तीन त्यात आले. तिनं सांगितलेले बाकीचे मला माहीतच नव्हते.

"आणि मोडलं तर?" भाऊंनी विचारलं.

तिनं डोळे उघडले. "मोडलं तर आधी स्प्लिंट. माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात असेल. मग गाडी. मग भाऊंना फोन."

"फोन तिसरा?"

"तिसरा, भाऊ. आधी फोन केला तर पोरी तुझ्याशीच बोलत बसतीन, आणि हात तसाच ऱ्हाई."

भाऊ खाली बघत होते. दारातून नानांचा आवाज आला. ते कधी उठून उभे राहिले होते, कुणास ठाऊक.

"आणि मला कितवा?"

"तुम्हाला दुसऱ्या दिवशी, नाना. तुम्ही घाबरता."

नाना हसले नाहीत. त्यांनी मान डोलवली, टोपी डोक्यावर घातली आणि आत येऊन खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. माझं पेन कागदावर टेकलेलं होतं. मी भाऊंची वाट बघत होते.

त्यांनी तिच्या प्लास्टरवर हात ठेवायला उचलला, मधेच थांबवला आणि आपल्याच मांडीवर ठेवला.

"लिखा, मॅडम," ते म्हणाले. "फोन तिसरा."